नमुना लागला

कुलदीपची आणि माझी भेट पत्ता चुकल्यामुळे झाली. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा संशोधनाला देण्याचं संमतिपत्र त्यानं रुग्णालयात द्यायचं होतं. तो ते घेऊन थेट आमच्या चाकणच्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी आला.

"मॅडम, सही केलीय. ह्यो कागद कुणाकडं द्यायचा?"

पुढे दर गुरुवारी, त्याच्या कंपनीला सुट्टी असली की तो येई. गाठीच्या पेशी शरीराबाहेर वाढवून त्यांच्यावर औषधं तपासणं हे माझं काम. तो विचारी, "वाढतंय का काही?" उत्तर अर्ध्या मिनिटाचं असे, बोलणं मात्र पाऊण तास चाले.

"तुमच्या पेशींना सुट्टी नसती का?"

"नसते. त्या चहाही पीत नाहीत."

"मग त्यांच्या वाटणीचा तुमी घ्या."

मी घेत असे. का घेते, हे तपासणं मात्र टाळत होते...

पाचव्या गुरुवारी मी म्हणाले, "तुमचा नमुना लागला."

शुक्रवारी शिफ्टच्या आधीच तो पेढे घेऊन आला. "आमच्यात कलम लागलं म्हंजे झाड वाचलं. आबांना सांगितलं. किती दिवसांनी पोटभर जेवले."

'लागणं' हा आमचा रोजचा शब्द. त्याचा अर्थ सांगायचा राहून गेला होता. गप्प बसले असते, तर तो तसाच हसत येत राहिला असता.

"कुलदीप... जगली आहे ती गाठ. तिच्यात पेशींना वाढायला लावणारी जनुकं फार सक्रिय आहेत. अशी गाठ प्लेटमध्ये सहज लागते आणि बहुधा शरीरातही जोमानं वाढते. बहुधा. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पण ही आनंदाची बातमी नाही."

त्यानं पुड्याचं झाकण लावलं. बराच वेळ ते दाबत राहिला.

"मग तिच्या वाढण्याचा उपयोग काय?"

"औषधं तपासता येतील. त्यातलं एखादं लागू पडेलच, असं वचन मी देणार नाही."

"तुमी खोटं बोलला असता तरी मी मानलं असतं."

"माहीत आहे. म्हणूनच नाही बोलले."

त्यानं वर पाहिलं. आम्ही दोघांनीही नजर वळवली नाही.

"आबांना एकट्यानं न्हाई सांगता यायचं मला."

"मी येते."

"घरी काय सांगू — कोण आल्यात? लॅबच्या मॅडम?"

मी अ‍ॅप्रन उतरवून हातावर घेतला.

"मधुवंती म्हण," मी म्हणाले. "पुढचं तू ठरव."