पहिल्या हाकेला ओ

न दिसणाऱ्याने मारलेल्या हाकेच्या कथा महाराष्ट्रात सर्वत्र सांगितल्या जातात. बहुतेक पाठांत, म्हणजे कथेच्या ठिकठिकाणच्या रूपांत, हाक मारणारीला हाकामारी म्हणतात. ती दारापाशी येते, घरातल्या माणसाला ओळखीच्या आवाजात साद घालते आणि पहिल्याच हाकेला जो ओ देतो तो दिवसेंदिवस झिजत जातो. अल्लीपूरकडे मला मिळालेल्या पाठात हाक शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, येते. वर्धा नदीकाठच्या एका पाठात ती विहिरीतून येते आणि ओ देणारी नवी सून असते. स्थळ बदलते, आवाज बदलतो, बळी बदलतो. एक गोष्ट मात्र मी नोंदवलेल्या कोणत्याही पाठात बदललेली नाही : हाक पलीकडून येते आणि ओ अलीकडून जातो.

आता सांगतो ती कथा याच कुळातली आहे, एवढे मी खात्रीने म्हणू शकतो. ती मी कोणाकडून ऐकलेली नाही. तिच्या बऱ्याचशा भागाला मी हजर होतो, आणि उरलेला भाग ज्यांनी सांगितला त्यांची अतिशयोक्ती करण्याची प्रवृत्ती नाही.

तिची सुरुवात घर शोधण्यापासून झाली. नालवाडीत माझ्या घरामागच्या गल्लीत मीराबाई आपला मुलगा रत्नदीप आणि सून सरिता यांच्यासह भाड्याने राहत. मी लोककथा आणि जात्यावरची गाणी गोळा करतो, त्या गाण्यांसाठी मी त्यांच्याकडे जात असे. रत्नदीप एमआयडीसीत कामाला, सरिता रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये. मीराबाई दिवसभर एकट्या. आदल्या उन्हाळ्यात त्या अंगणात पाय घसरून पडल्या आणि दुपारभर तापलेल्या फरशीवर हाका मारत राहिल्या. आजूबाजूला माणसे होती, पण दारे लावलेली होती आणि प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत होता. संध्याकाळी सरिता आली तेव्हा म्हातारीचा आवाज पार बसला होता.

त्यामुळे पुढचे कूलर सुरू होण्याच्या आत दुसरे घर पाहायचे, हे फाल्गुनात ठरले. गाडी माझी होती, चालवत रत्नदीप असे.

स्वस्त घर सगळे काही देत नाही. कशावर पाणी सोडायचे, हे घेणाऱ्याने आधी ठरवावे लागते. रत्नदीपला रस्ता हवा होता, सरिताला बोअरचे पाणी. मागच्या सीटवरून मीराबाईंनी दोघांनाही निकालात काढले.

"रस्त्यानं मले कुठं जाच्चं हाय? अन् पानी तं टँकरनंबी येते. हाकेले ओ कायनं येते, सांग बरं?"

"आई, हाकेचा ओ काय घराच्या जाहिरातीत लिहून राह्यते काय?" रत्नदीप म्हणाला.

"म्हनून तं पाहून घ्या लागते."

त्यांची पाहण्याची एक रीत होती, त्यांच्या आईपासून आलेली. नव्या जागी बिऱ्हाड मांडण्याआधी मागच्या अंगणात उभे राहायचे आणि शेजारणीकडे इस्तो मागायचा. इस्तो म्हणजे विस्तव, चूल पेटवायला लागणारा निखारा. काडेपेटीही जपून वापरण्याच्या काळात तो शेजाऱ्याकडून आणत. पण मागणारा कोण, हे पाहूनच तो मिळे, आणि मीराबाईंच्या आईला तो पुष्कळदा मिळालेला नव्हता. म्हणून तिने मुलीला खूण सांगितली होती. तू कोण हे न विचारता जिथून 'ये, घेऊन जा' असा आवाज येईल, तिथेच राहायचे. आता घरोघरी गॅस आहे. परीक्षा मात्र तीच राहिली होती.

पहिले घर नालवाडीतच होते : दोन खोल्या, पाणी एक दिवसाआड, आणि सामाईक भिंतीपलीकडे कांताबाई नावाची गृहस्थीण. मीराबाईंचे वाक्य पुरे होण्याआधीच ती भिंतीवरून डोकावली. "इस्तो कायचा मांगता, लायटर नेजा! बसा, चाय मांडतो. पोराले किती पगार हाय? सुनेले काही गोड बातमी?"

गाडीत बसल्यावर सरिता म्हणाली, "ह्या घरात मी राह्यली तं माझ्या डब्यात काय हाय ते अख्ख्या नालवाडीले समजन."

दुसरे घर पिपरी मेघेत होते. फरशी गुळगुळीत, बोअरला पाणी, फाटकाशी डांबरी रस्ता. मीराबाईंनी हाक मारली. शेजारच्या गॅलरीत एक बाई आली, खाली बघून हसली आणि म्हणाली, "घर बघायला आलात का? आडनाव काय तुमचं?"

मीराबाई वळल्या. "रत्नदीप, गाडी चालू कर. इस्तो मांगतला तं आडनाव इचारून राह्यली."

तिसरे पिपरी मेघेच्याही पुढे, एका अर्ध्या वसलेल्या लेआउटच्या टोकाला. बाकीचे प्लॉट रिकामे असल्याने ते स्वस्त होते. मालक नागपूरचा, किल्ली त्याने आधीच पाठवली होती. ऐन दुपार होती. आमच्या मागे गाडीचे दार लागले तो शेवटचा आवाज. त्यानंतर तिथे काहीच वाजले नाही, वाळलेले गवतसुद्धा. मागच्या अंगणाला पुरुषभर उंचीची सिमेंटची भिंत होती आणि तिच्यावर ऊन असे स्थिर पडले होते की ते पडले नसून तिथेच साठलेले असावे.

मीराबाई भिंतीजवळ गेल्या. पदर सावरला.

"बाई वं... इस्तो हाय काय घरात?"

"हाय नं," भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला. "ये, घेऊन जा."

आवाज मध्यमवयीन, मोकळा, हाताच्या अंतरावरचा. पाठोपाठ कोणीतरी जमिनीवर भांडे टेकवले, आणि गोवरीच्या धुराचा वास आमच्या अंगणात उतरला.

मीराबाईंचा चेहरा फुलला. कोपऱ्यात विटांची चळत होती. मी तिच्यावर चढून पलीकडे पाहिले. प्लॉटच्या हद्दीचे पांढरे दगड, गवत, दोन बाभळी. घर नाही, चूल नाही, माणूस नाही. मी तसेच सांगितले.

"आवाज तं आला नं, सर?"

"आला."

"मंग?"

रत्नदीपनेही विटांवर चढून पाहिले आणि तो उतरला. "आई, आपन आपल्या घरात भूत-बित मानत नाई."

"मी कुठं भूत मानतो रे? मी शेजारीन मानतो. तिनं आडनाव इचारलं काय?"

बाभळींपलीकडे जमीन उतरत असेल, तिथे बकऱ्या राखणारी एखादी बाई बसली असेल आणि तापलेल्या हवेतून तिचा आवाज जवळचा वाटला असेल, असे स्पष्टीकरण मी दिले. ते मला तेव्हा पुरेसे वाटले. रत्नदीपलाही वाटले असावे, कारण पुढच्या पौर्णिमेला बुद्धवंदना घेऊन ते तिथे राहायला गेले.

पहिले काही महिने मी तिथे गेलो की मीराबाई मागच्या अंगणात खाट टाकून बसलेल्या असत. बोलता बोलता मध्येच त्या भिंतीकडे तोंड करून म्हणत, "झालं काय वं जेवन?" आणि भिंतीपलीकडून उत्तर येई, "हो बाई. तुमचं?" भाजी काय केली, पाऊस केव्हा येईल, असेच बोलणे असे. मी ते ऐकले आहे. त्यात भिण्यासारखे काहीही नव्हते, आणि अभ्यासकाला खरा त्रास याचाच होता. रत्नदीप एका रविवारी पलीकडचा सगळा प्लॉट पायाखाली घालून आला. त्याला राखसुद्धा सापडली नाही. त्याने तो विषय सोडून दिला. आई घरात एकटी नाही, एवढ्याने तो निर्धास्त कामावर जाऊ लागला होता.

पावसाळा सरता सरता ओ उशिरा येऊ लागला. आवाज बारीक झाला. मध्येच खोकला येई आणि तो थांबेपर्यंत मीराबाई इकडे ताटकळत उभ्या असत.

"औषध घेतलं काय वं?"

"घेतलं बाई... गुन येत नाई."

मग सुटीच्या एका दिवशी सरिता मागे कपडे वाळत घालत होती. सासूने नेहमीसारखी हाक मारली. ओ आला नाही. सरिता भिंतीच्या अगदी जवळ होती, म्हणून तिला पलीकडची कुजबुज ऐकू आली. एक मुलगी, वयाने लहान.

"आई... ओ नोको देऊ..."

मग ती बाई, दम घेत घेत : "मतारी हाय वं ते... एकटी हाय..."

आणि नंतर मोठ्याने, बळ आणून, "बोला, मीराबाई."

सरिताने हे सासूला सांगितले नाही, मला फोन करून सांगितले. "सर, ते पोरगी भिऊन राह्यलती... आमाले भिऊन राह्यलती."

मी जाण्याआधीच दुसरी गोष्ट घडली. घरात कोणी नसताना मीराबाई न्हाणीत पडल्या. या वेळी ओल्या फरशीवर पाय मुडपला आणि त्यांना उठता येईना. त्यांनी हाक मारली. सरिता संध्याकाळी परतली तेव्हा त्या खाटेवर होत्या, अंगावर कोरडे लुगडे आणि घोट्यावर हळद-चुन्याचा गरम लेप.

"ते आली," मीराबाई म्हणाल्या. "पायाच्या कळेनं मले डोळे उघडवत नोयते. पन तिनं मले उचललं. हात थंडे होते वं तिचे... वाळल्या काडीवानी हलके. मले उचलता उचलता तेच रडून राह्यलती."

त्यानंतर ओ आला नाही. दुसऱ्या सकाळी मी पोहोचलो. मीराबाईंनी दोन वेळा हाक मारली, तीही खालच्या आवाजात. मी विटांवर चढलो आणि भिंतीच्या पलीकडच्या अंगावर खाली पाहिले.

भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळदीचे पंजे उमटवलेले होते. ओली हळद, तिचे ओघळ अजून सुकले नव्हते. मोठ्या माणसांचे पंजे होते, आणि त्यांच्या खाली, पोचेल तिथवर, लहान मुलांचे. मधल्या जागेत कडुलिंबाचे ताजे डहाळे टेकवून ठेवले होते. त्या प्लॉटमध्ये कडुलिंबाचे झाड नाही.

हळदीचे पंजे आणि लिंबाचा डहाळा या बंदोबस्ताचा अर्थ आपल्याकडे कोणालाही सांगावा लागत नाही. माणसे तो आपल्या वस्तीच्या हद्दीवर करतात, आणि ज्या दिशेने बाधा येते त्या दिशेला करतात. इथे ती दिशा आमची होती.

मी खाली उतरलो आणि या सबंध कथेचा क्रम मला स्वच्छ दिसला. प्रथम हाक कोणी मारली? न दिसणारा आवाज कोणाच्या अंगणात गेला? पहिल्याच हाकेला ओ कोणी दिला, आणि त्या दिवसापासून कोण झिजत गेले? पाठ तोच होता, शब्दाशब्दाने तोच. मी फक्त भिंतीच्या चुकीच्या बाजूला उभा राहून तो ऐकत होतो.

मी हे मीराबाईंना सांगितले. त्यांचा तो हक्क होता.

त्यांनी घोट्यावरच्या लेपावर हात ठेवला.

"म्हंजे त्यायच्यासाठी हाकामारी मी हाय काय, सर?"

"पाठ तसाच लागतो."

"पान्याहून हलकी झालती ते... अन् मी रोज तिले इचारत होती, औषध घेतलं काय म्हनून." त्यांनी डोळे पुसले आणि आवाज नेहमीसारखा ताठ केला. "रत्नदीप, दुसरं घर पाह्य."

"आई, मधातच कुठं जाच्चं? दिलेलं डिपॉझिट जाईन. अन् इथं तुले कोनी ओ तं देते. तिकडं कोन देईन?"

"ते नालवाडीची कांता देईन. हजार सवाल करन, पन देईन."

"अन् पानी? रस्ता?" सरिता म्हणाली. ती विरोध करत नव्हती. एकेक गोष्ट हातातून सोडताना माणूस तिचे नाव घेतो, तसे तिने नाव घेतले.

"मले ओ पाह्यजे होता, पोरी," मीराबाई म्हणाल्या. "कोनाचा जीव नोको होता."

घर सोडेपर्यंत त्यांनी एकही हाक मारली नाही. मागच्या अंगणात जाणेही बंद केले. रत्नदीप घरात असला तरी त्याला नावाने बोलावण्याऐवजी त्या ताटावर वाटी वाजवीत.

निघण्याच्या सकाळी टेम्पो भरला. मीराबाई लंगडत मागे गेल्या, मी त्यांच्याबरोबर होतो. भिंतीसमोर त्या उभ्या राहिल्या. निरोप घेतल्याशिवाय शेजारणीला सोडून जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि निरोप घ्यायचा तर आवाज द्यावा लागणार होता. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी पदराचा बोळा करून तोंडावर घट्ट धरला, दोन्ही हातांनी धरला, आणि तशाच वळून चालू लागल्या.

सरिताने त्यांना टेम्पोत पुढे बसवले. किल्ली मालकाकडे पोचवायची असल्याने मी शेवटी थांबलो होतो. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला, त्याचा आवाजही विरला, आणि मी मागचे दार लावत असताना भिंतीपलीकडे कोणीतरी इतके दिवस लावून घेतलेल्या आपल्या दाराची कडी काढली.