न बोलायची खोली

उद्या कामावर रुजू होताय ना तुम्ही दोघं? मग प्राणी-बचाव केंद्रातल्या त्या मागच्या खोलीचं ऐकून ठेवा. विश्वास ठेवायलाच हवा असं नाही. पण जिच्यासोबत हे घडलं ती मुलगी माझ्या माहितीतली, आमच्या शेजाऱ्यांची भाची, आणि थापा मारणाऱ्यातली ती नव्हे.

गेल्या वर्षीची अकरा जुलै, शुक्रवार. रात्रीचे अकरा वाजले होते. कोमट दुधाची बाटली घेऊन ती मागच्या खोलीकडे निघाली. तिथे कोल्ह्याचं अनाथ पिल्लू होतं, त्याला दर चार तासांनी पाजायचं. रोजचंच काम, त्यात भ्यायचं काय?

पदवी हातात पडून पुरते सहा महिने झाले नव्हते. जंगलातले प्राणी वाचवायचे, हे लहानपणापासूनचं वेड. घरच्यांनी नाकं मुरडली, हिनं ऐकलं नाही. केंद्रात सगळे तिला 'नवी' म्हणत. पहिल्याच दिवशी पिंजरे सांभाळणाऱ्या मामांनी बजावलं होतं, की पिल्लाला पाजताना तोंडावर फडकं, अंगावर झगा, आणि चकार शब्द काढायचा नाही. माणसाच्या आवाजाची सवय लागलेलं पिल्लू जंगलात सोडलं तरी माणसाकडेच धावतं, आणि मरतं.

नवीनं मान डोलावली. पण जीव लावणाऱ्याचं तोंड कसं बंद राहणार? आधीच्या पिल्लाला पाजताना ती हळूच म्हणायची, "ये बाळा, ये." एवढंच. कुणाला पत्ता नव्हता. जूनमध्ये ते पिल्लू सोडलं. नवव्या दिवशी रस्त्याकडेला ट्रक बंद पडला म्हणून चारजण गप्पा मारत उभे होते, तर हे झुडपातून थेट त्यांच्या पायाशी. पिसाळलेलं असेल म्हणून एकानं डोक्यात पहार घातली. त्यांचं तरी काय चुकलं? कानातला बिल्ला बघून त्यांनीच केंद्रात फोन केला, आणि ते आणायला नवीलाच धाडलं. ट्रकवाला तिला म्हणाला, "पळालं नाही हो ते. मारेपर्यंत आमच्याकडे बघत बसलं होतं."

तेव्हापासून तिचं मन तिला खात होतं. सांगितलं मात्र तेव्हा कुणालाच नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण लाज त्याहून मोठी.

तर ती खोलीत गेली, दार लावलं. नवं पिल्लू नेहमीसारखं कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. माणूस दिसला की थरथरायचं, आणि तसंच तर हवं होतं. ती खाली बसली, बाटली पुढे केली.

दाराबाहेर आवाज आला. कुंई.

तिनं ओळखला. आईला आपल्या पोराचं रडणं ओळखू येतं, तसा. जूनमधल्या त्या पिल्लाचा, भुकेचा आवाज होता तो.

पुन्हा... कुंई. मग दार खरवडल्याचा आवाज. खालच्या फटीपाशी.

नव्या पिल्लानं कान टवकारले.

'जा' म्हणावं? 'चुकलं माझं' म्हणावं? पण एक शब्द तोंडातून गेला की हे पिल्लूही हातचं गेलं. आणि गप्प राहावं, तर बाहेर ते... रडतच होतं. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून नुसत्या धारा.

मग खरवडणं थांबलं.

दार बंदच होतं. कडी लावलेली.

आणि आवाज आला तो... आतून. तिच्या गुडघ्यापाशी.

ती हलली नाही. मांडीवर हलकासा भार आला. गार. तो तिथेच राहिला... तास... दोन तास... तिनं खाली पाहिलं नाही. शब्द काढला नाही.

पहाटे पाचला मामांनी दार वाजवलं. तिनं कशीबशी कडी काढली आणि तिथेच बसली, तोंडावरचा हात तसाच. बाटली भरलेली. मामांनी उभ्या आयुष्यात नियम मोडला नव्हता, पण त्या पोरीचा चेहरा पाहून निघून गेलं त्यांच्या तोंडून, "काय झालं गं पोरी?"

कोपऱ्यातलं पिल्लू उठलं. डोळे उघडल्यापासून माणसाचा एक शब्द न ऐकलेलं ते पिल्लू. धावत आलं, आणि मामांच्या गुडघ्यावर पुढचे दोन्ही पाय टेकवून त्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहिलं.