खाणीशेजारचं घर

"माझ्या घरावर कुणीतरी घाव घातलाय," त्या बाई दारातूनच म्हणाल्या. "आणि तो कुणी, हे संध्याकाळपर्यंत कळलं नाही, तर मला लेकीच्या दारात आश्रित म्हणून जावं लागेल. मी जाणार नाही. म्हणून तुमच्याकडे आलेय."

रविवारची सकाळ होती. भाऊजींचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. समोरच्या खुर्चीत वकीलबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि पाहुणीला बसायची खूण केली.

वकीलबाईंनी वकिली सोडून जमाना झाला होता. आता त्या खासगी तपासाची कामं घेत, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. भाऊजी त्यांच्या दिवंगत बहिणीचे यजमान, बस डेपोतून निवृत्त झालेले. तपासात त्यांच्याकडे दोन कामं असत : गाडी चालवणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं. दुसरं काम ते अधिक मन लावून करत.

पाहुणी निवृत्त परिचारिका होती. सगळी वस्ती तिला सिस्टर म्हणे. ताठ मान, इस्त्रीची साडी, आणि समोरच्याला ताप आहे का ते बघावं तशी नजर.

"माझं घर दगडखाणीला लागून आहे," सिस्टर म्हणाल्या. "सुरुंग, धूळ, डंपर. या धुळीनं माझा दमा वाढलाय, इथून हलणं भाग आहे. विकायला काढलं तर माणसं फाटकातूनच परत फिरतात. पण घर वाईट जागी आहे, वाईट नाही. खाणमालक ते मातीमोल भावानं मागतोय. म्हणतो, घराला तडे गेलेत, पाडायलाच लागणार."

"तडे आहेत?"

"तीन. जुने, गिलाव्याचे. भिंत खणखणीत आहे. मला अखेर गिऱ्हाईक मिळालं. एक बँडमास्तर. त्यांची पोरं कर्णे फुंकायला लागली की शेजारी पोलिसांना बोलावतात. प्रत्येक घरातून हाकललेत बिचाऱ्यांना. त्यांना खाणीशेजारीच राहायचंय!"

भाऊजी हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

"माझा भाव त्यांना कबूल आहे. अट एकच, भिंत हलत नाही हे सिद्ध व्हायला हवं. त्यांच्या इंजिनियर पुतण्यानं महिन्यापूर्वी प्रत्येक तड्यावर काचेची एक पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकांना सिमेंट लावून. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. पट्टीला हात लावायचा नाही, पुसायचीसुद्धा नाही, असं बजावून गेला. महिनाभर सुरुंग उडाले, काचा शाबूत. काल दुपारी शेवटचा सुरुंग झाला. आज संध्याकाळी ते बघायला येणार. आणि आज सकाळी तिन्ही काचा तुटलेल्या!"

"काल सुरुंगानंतर बघितल्या नव्हत्या?"

सिस्टरची मान पहिल्यांदाच किंचित वाकली. "नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचून दाखवले हो. आपला उघडायला हात धजेना."

"मग सुरुंगानंच तुटल्या असतील," भाऊजी समजुतीच्या सुरात म्हणाले.

"घर माझं आहे," सिस्टर म्हणाल्या. "ते हललं असतं तर मला कळलं असतं."

वकीलबाई उठल्या. "भाऊजी, गाडी काढा."

*

रविवार असल्यामुळे खाण बंद होती. घरात मात्र कालच्या सुरुंगाची धूळ तशीच पडलेली होती. टेबल, खिडक्या, पडदे, सगळ्यावर करडा थर. भाऊजींनी रेडिओवर बोट ठेवलं आणि ते पिठात बुडाल्यासारखं वर आलं.

"झाडणार होते," सिस्टर म्हणाल्या, "पण काचा बघितल्या आणि सगळं आहे तसं ठेवलं. वॉर्डात काही घडलं की आम्ही तेच करायचो."

"उत्तम केलंत."

बैठकीच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात अगदी घट्ट बसेल अशी माशांची टाकी होती. बाजूलाच तडा, आणि तड्यावर पट्टीचे दोन तुकडे सिमेंटला चिकटलेले. मध्ये एक सरळ फट. निजायच्या खोलीत तेच, स्वयंपाकघरातही तेच.

वकीलबाईंनी तिन्ही ठिकाणी विजेरी धरली. काचेवर उजेड लख्ख चमकला. मग त्यांनी सिस्टरकडून कापसाचा बोळा मागून घेतला, फटीच्या कडेवरून फिरवला आणि भाऊजींच्या नाकाशी धरला.

"डिझेल?" भाऊजींनी पुन्हा हुंगलं. "नाही. आयुष्य डेपोत गेलंय माझं. हे रॉकेल आहे. सिस्टर, तुमच्याकडे स्टोव्ह?"

"गॅस आहे. रॉकेल कित्येक वर्षांत घरात आलेलं नाही."

"खाणीत यंत्रं धुवायला रॉकेल वापरतात!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "खाणमालक! बाई, केस संपली."

"तुम्ही फार लवकर जेवायला बसता, भाऊजी. अजून पानं मांडली नाहीत." वकीलबाई टाकीपाशी वाकल्या. टाकीखालची फळी त्यांनी बोटानं चाचपली. फळी धुळीची होती, पण कोरडी होती. "काल घरात कोण कोण आलं, सिस्टर?"

"सकाळी दलाल, दोन माणसांना घर दाखवायला. त्यांनी सगळ्या खोल्या बघितल्या. दुपारी सुरुंगाचा भोंगा झाला तेव्हा मी दाराला कुलूप घालून सगळ्यांसारखी रस्त्याच्या वळणावर जाऊन उभी राहिले. परतले तर खाणमालक मागोमाग हजर. इथे, माझ्यासमोर बसला. भाव केला, भांडला, गेला. खुर्चीतून उठला तो थेट दाराबाहेर. संध्याकाळी जावई आला. दर शनिवारी टाकीचं पाणी बदलायला येतो. त्यानं टाकीतले दगड धुवायला दिले, मी मागच्या नळावर बसून धूत होते. नंतर कुणी नाही."

खिडकीच्या कठड्यावर इंजिनियरनं ठेवलेली एक जादा काचपट्टी पडली होती. वकीलबाईंनी ती कडेला धरून अलगद उचलली. तिच्यावरही धूळ होती.

"भाऊजी, दलालाला फोन करा."

*

दलाल आला तो पान चघळत, गोड हसत. "मी सिस्टरना आधीपासून सांगतोय, थोडं खाली या. जागाच अशी आहे, त्याला कोण काय करणार!"

"खाणमालकाला घर मिळालं तर तुमची दलाली कुणाकडून?"

"दोन्हीकडून. व्यवहार आहे, ताई. पण बँडमास्तरांकडूनही मिळणारच की! आणि भाव चढला तर माझी दलालीही चढते. मी कशाला काचा फोडू?"

वकीलबाईंनी जादाची पट्टी त्याच्या हातात दिली. "असल्याच होत्या ना?"

दलालानं ती घेतली, धुळीत बोटानं एक रेघ ओढली. "असल्याच. काय धूळ हो ही!"

खाणमालक बोलावल्यावर पाय आपटतच आला. "मी काचा फोडीन? माझ्या सुरुंगानं सबंध डोंगर फुटतो, बाई! हे घर आज ना उद्या माझंच आहे. मला घाई नाही."

"मला आहे," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला नाही म्हणायची."

भाऊजींनी त्याच्या हातांकडे निरखून पाहिलं आणि वकीलबाईंना डोळ्यांनी खूण केली. त्यांनी दुर्लक्ष केलं आणि पट्टी पुढे केली. खाणमालकानं तिच्यावर जोरात फुंकर मारली. वरवरची धूळ भाऊजींच्या डोळ्यांत गेली, करडा थर काचेवर राहिलाच.

शेवटी लेक आणि जावई आले. जावई बाजारपेठेत रंगीत माशांचं दुकान चालवत असे. मवाळ, हसरा माणूस. आल्या आल्या त्यानं सिस्टरना वाकून नमस्कार केला.

"आई, आता पुरे करा ना. येईल तो पैसा घ्या आणि आमच्याकडे चला. एवढ्या पैशात वेगळं घर मिळणार नाही, हे खरं. पण आमचं घर काय परकं आहे? उरलेला पैसा दुकानात घालू, वाढेल तरी."

"टाकी सुरेख आहे," वकीलबाई म्हणाल्या. "कोनाड्याच्या अगदी मापाची मिळाली?"

"मिळते कुठली! मीच बनवली." जावयाचा चेहरा उजळला. "दुकानातली एकूण एक टाकी माझ्या हातची असते."

"असं? आणि ही बघा, काचा असल्याच होत्या ना?"

जावयानं पट्टी घेतली, खिशातून रुमाल काढून दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसली आणि उजेडात धरली. "हो, असल्याच. यात काय बघायचंय?"

"काही नाही," वकीलबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी संध्याकाळपर्यंत थांबा."

*

दिवेलागणीला बँडमास्तर आणि त्यांचा इंजिनियर पुतण्या आले. पुतण्यानं तुटक्या पट्ट्या बघितल्या आणि काकाकडे बघून मान हलवली. खाणमालकानं मिशीवरून हात फिरवला.

"एक मिनिट," वकीलबाई म्हणाल्या. "इंजिनियरसाहेब, भिंत सरकली असती तर भिंतीत घट्ट बसलेल्या या टाकीचं काय झालं असतं?"

पुतण्या कोनाड्यापाशी गेला. त्यानं कडा चाचपल्या, फळी चाचपली. "कुठेतरी तडकली असती. निदान गळली तरी असती."

"फळी कोरडी आहे. तीन खोल्यांतल्या तीन पट्ट्या तुटाव्यात इतकं घर हललं आणि पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेटीला कळलंच नाही? पट्ट्या माणसानं तोडल्या आहेत."

"तेच मी सकाळी म्हटलं होतं," सिस्टर म्हणाल्या.

"आता कधी तोडल्या ते बघू. कालच्या सुरुंगाची धूळ घरात सगळीकडे आहे. या जादाच्या पट्टीवरही होती. पण तुटलेल्या पट्ट्या आरशासारख्या चमकतात. म्हणजे धूळ बसल्यानंतर कुणीतरी त्या पुसल्या. सकाळी आलेला दलाल सुटला. खाणमालक नंतर आले, पण सिस्टरच्या नजरेसमोरून हलले नाहीत, आणि काचा तीन खोल्यांत होत्या. तेही सुटले."

"मग रॉकेल?" भाऊजींना राहवेना.

"तेच सांगते. काचेवर हातोडी घातली तर तिचा चुरा होतो. भिंत हलली तर एक साधी चीर पडते. तोडणाऱ्याला हा फरक ठाऊक होता, त्याला चीरच हवी होती. म्हणून त्यानं काच फोडली नाही, कापली. काच कापायची हिरकणी रॉकेलमध्ये बुडवून ओढतात, म्हणजे रेघ सलग उमटते. इंजिनियरसाहेब, विजेरी तिरपी धरा. फटीच्या वरच्या कडेला बारीक पांढरी रेघ दिसते?"

पुतण्या भिंतीला नाक लावून उभा राहिला. "दिसते. काका, हे कटरचंच काम आहे."

"पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच. काचा फोडायला आलेला माणूस त्या पुसत कशाला बसेल? धुळकट काचेवर हिरकणी नीट चालत नाही. ज्याचं रोजचं काम काच कापण्याचं आहे, त्याचा हात आधी रुमालाकडे जातो. आज मी तिघांना ही धुळकट पट्टी दिली. एकानं रेघ ओढली. एकानं फुंकर मारली."

भाऊजींच्या डोळ्यांतली धूळ एकदम खुपली. त्यांनी जावयाकडे पाहिलं. त्याचा रुमाल अजून हातातच होता.

"एकानं पुसली," वकीलबाई म्हणाल्या. "जो माशांच्या टाक्या स्वतः बनवतो, आणि जो काल धूळ बसल्यावर घरात एकटा होता."

लेक नवऱ्याकडे वळली. "म्हणून आईला नळावर दगड धुवायला बसवलंत?"

"मी... त्यांच्या भल्यासाठीच!" जावयाचा आवाज फाटला. "या वयात एकट्या कुठे राहणार? भाव जास्त आला की त्या वेगळं घर घेणार आणि दुकान माझं बुडणार. आपल्याच माणसाला आधार द्यायचा, यात चूक काय?"

"आधार?" सिस्टर उठल्या. आवाज चढवला नाही, पण खाणमालकसुद्धा सरळ बसला. "माझ्या भिंतीला खोटी ठरवून आधार देणार होतास? हे घर मी रात्रपाळ्या करून बांधलंय. खाणीचा डोंगर रोज फुटला, पण या भिंतीत केसाएवढी हालचाल नाही. त्या भिंतीला तू आजारी ठरवलंस, म्हणजे मी लाचार होऊन तुझ्या ओसरीला येईन! दुकान अडचणीत होतं तर तोंडानं बोलायचं होतंस. मी विचार केला असता. आता करणार नाही."

जावयानं रुमाल खिशात कोंबला. बँडमास्तर घसा खाकरले.

"घर मी घेतो, सिस्टर. आत्ताच टोकन देतो."

दलाल लगेच पुढे सरकला. "उत्तम! आता एवढा घोळ झाला, तर सिस्टर, जरा भावात खाली-वर..."

"खाली नाही," सिस्टर म्हणाल्या. "वर करायचं असेल तर बोला."

बँडमास्तर खदखदून हसले. खाणमालक तणतणत उभा राहिला. "इथे ढोल-कर्णे वाजणार? मी तक्रार करीन! माझ्या माणसांना त्रास होईल आवाजाचा!"

"जरूर करा," वकीलबाई म्हणाल्या. "बँडचा आवाज तुमच्या सुरुंगापेक्षा मोठा आहे, एवढं सही करून द्या. तक्रार मी स्वतः लिहून देते, फुकट."

खाणमालक दार आपटून गेला. भिंत जागची हलली नाही. इंजिनियरनं सवयीनं बघून घेतलं.

लेक अजून कोनाड्यापाशीच उभी होती. तिनं डोळे पुसले आणि आईजवळ आली. "आई, खरंच एकटी राहशील?"

"एकटी कुठे?" सिस्टर म्हणाल्या. "माझ्या स्वतःच्या नव्या घरात राहीन. तू ये हवं तेव्हा. बेल वाजव, मी दार उघडीन."