गुहेत राहिलेला आवाज

विजयकुमार दामले बोलायला लागले की समोरच्याने घड्याळाकडे पाहायचं सोडून द्यावं. दुबईत, अल कुसैसमधल्या एका एसी कंपनीत ते सेल्सला होते. "यांना पगार जिभेचा मिळतो," असं त्यांची बायको विभावरी म्हणायची, आणि ते खरंच होतं.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी, दोघं रास अल खैमाच्या डोंगरात सहलीला गेली. गाइड शैलेंद्र, मोजकंच बोलणारा. वाऱ्याने कोरलेले खडक त्याने दाखवले. एक बसलेल्या उंटासारखा, एक डोईवर पदर घेतलेल्या बाईसारखा. विजयकुमारांनी प्रत्येकाचं बारसं केलं. जेवणं उरकून तिघं एका कोरड्या घळीतून चढत गुहेपाशी आले. कधीकाळी इथे ख्रिस्ती साधू राहायचे, हे त्यांचं चर्च. आत भिंतीत कोरलेला क्रूस, त्यापुढे दगडी ओटा. बाहेर लख्ख ऊन होतं. आत मात्र नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा वास येत होता.

"साब, अंदर किसी को आवाज मत देना," शैलेंद्र म्हणाला. "बस, देख के बाहर."

विजयकुमार हसले. ओट्यामागच्या अंधाराकडे तोंड करून त्यांनी हाक घातली, "कोण आहे रे तिकडे?"

प्रतिध्वनी आला नाही. विहिरीत दगड टाकावा आणि तो तळाला लागूच नये, तशी ती हाक आत आत जात राहिली. मग, बऱ्याच वेळाने, आतून उत्तर आलं. विजयकुमारांच्याच आवाजात.

"मी..."

तिने वळून पाहिलं. ते तिच्या शेजारीच उभे होते. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि आवाज नाही.

तो पुन्हा फुटलाच नाही. दुबईतले डॉक्टर झाले, नवस झाले, कुणी दिलेला ताईतही बांधून झाला. घसा ठणठणीत होता. पण सेल्समधल्या मुक्या माणसाला कंपनी किती दिवस सांभाळणार? व्हिसा कॅन्सल झाला. पुण्याला परत जायचं म्हणून सामान बांधलं. विजयकुमार दिवसभर खिडकीशी बसून राहत. झोपेतही त्यांचे ओठ हलत.

निघायच्या आदल्या दिवशी, नवऱ्याला न सांगता, विभावरी शैलेंद्रला घेऊन पुन्हा डोंगरात गेली.

"मॅडम, जो रह गया सो रह गया. खलास," तो म्हणाला आणि गुहेबाहेरच थांबला.

क्रूसासमोर उभं राहून तिने हलकेच हाक मारली, "अहो..."

"आलीस?" तोच आवाज. "किती उशीर केलास गं... ये ना."

तिला रडू फुटलं. भिंतीला हात लावत ती ओट्यामागे गेली. "घरी चला ना... तिकडे तुम्ही नुसते बसून असता हो."

"ये. अजून थोडी आत ये."

तिने हात पुढे केला. तेवढ्यात आवाज खाली उतरला, कुजबुजता झाला. तो आता तिच्याशी बोलत नव्हता.

"शू... हलू नकोस. येतेय ती."

आणि अंधारात, अगदी तिच्या बोटांपाशी, दुसरंच कुणीतरी हळूच "हं" म्हणालं.