तिसरा स्विच

भंगारवाल्याने तराजू उचलला होता, तेवढ्यात लंगडत आलेला एक तरुण आमच्या फाटकात थांबला आणि म्हणाला, "ते विकू नका."

"का? तुम्ही घेता?" मी विचारलं. त्या दिवसांत माझी जीभ जरा जास्तच तिखट झाली होती.

त्याच्या चार महिने आधी नशिराबादजवळ हायवेवर ट्रकने स्कूटर उडवली आणि माझा भाऊ नागसेन गेला. नेटवर्किंगच्या परीक्षेसाठी नागूने मागच्या खोलीत, स्वयंपाकघरातल्या जुन्या मांडणीवर तीन स्विच लावले होते. कंप्युटर एकमेकांना जोडणारे चपटे लोखंडी डबे ते. मुंबईच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून त्याने मिनतवारी करून आणलेले. आबांनी, माझ्या वडिलांनी, ते भंगारात काढायला सांगितले होते. नागूचं नाव निघालं की आबा एकच बोलत... त्याला गाडी धड चालवता येत नव्हती, स्वतः मेला आणि दुसऱ्याचं पोर अधू करून गेला.

ते दुसऱ्याचं पोर म्हणजे हाच. धनसिंग पाटील, धुळ्याचा, नागूबरोबर त्याच परीक्षेचा अभ्यास करणारा. तीन महिने दवाखान्यात काढून आला होता.

स्विचला नागूचा पासवर्ड होता आणि तो घरात कुणालाच माहीत नव्हता. धनसिंगने सांगितलं की एकेक स्विच रिसेट करता येईल. नागूने आत लिहून ठेवलेलं तसंच राहील, फक्त पासवर्ड नवा घालायचा. त्याचा सराव होईल, आणि मला शिकायचं असेल तर तो शिकवेल. माझा डिप्लोमा नुकताच संपला होता. आई हो म्हणाली. आबा पेपर वाचत राहिले.

रिसेटला दोन माणसं लागायची. मांडणी आणि भिंतीच्या मधे जेमतेम एक माणूस मावेल एवढीच जागा. एकाने पुढचं बटण दाबून धरायचं, त्याच वेळी दुसऱ्याने मागे शिरून विजेची वायर खोचायची.

"दाबून धरा," तो मांडणीमागून म्हणाला.

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"आणि तुम्ही सांगितलंच नाही तर?"

"तर... मला इथेच राहावं लागेल."

फळ्यांच्या फटीतून त्याचा एकच डोळा दिसत होता, आणि तो हसत होता. मी बटण सोडायचंच विसरले. पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

मग दर रविवारी धुळ्याची एस्टी आणि त्याच्या खिशात गरम शेंगदाण्यांची पुडी. पहिला स्विच उघडायला पाच रविवार लागले. दुसऱ्याला सहा. कधी केबल सैल, कधी फाइल सापडत नाही... मी चिडवायचे, नाव धनसिंग आणि अक्कल उधारीची! तो मान खाली घालून हसायचा. कीबोर्डवर बोटाला बोट लागलं की दोघंही पडद्याकडे फार लक्ष देऊन बघायचो. शनिवारी रात्री मी केस धुऊ लागले, आणि आईने ते पाहिलं होतं.

तिसऱ्या स्विचच्या दिवशी भर दुपारी वीज गेली. अंधाऱ्या खोलीत आम्ही काहीबाही बोलत बसलो. वीज आली तेव्हा तो बोलता बोलताच कीबोर्डकडे वळला. पडद्याने पासवर्ड विचारला, त्याची बोटं सरसर चालली आणि स्विच उघडला. मी अजून बटणावर अंगठा ठेवून बसले होते.

"तुम्हाला माहीत होता," मी म्हणाले.

"आम्ही दोघांनी मिळूनच ठेवला होता."

मला आधी हसू आलं. वाटलं, माझ्यासाठीच हे सोंग! तो हसला नाही.

"तुझ्यासाठी येत होतो, हे खरं," तो पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत म्हणाला. "पण पहिल्या दिवशी आलो होतो ते आबांना सांगायला. स्कूटर मी चालवत होतो, उत्पला. नागू मागे होता. मी शुद्धीवर आलो तोवर पंचनाम्यात चालवणारा म्हणून नागूचं नाव लागलं होतं. माझे काका म्हणाले, जाणारा गेला, तू गप्प राहा. मग तू दिसलीस... आणि दर रविवारी मी ते पुढे ढकललं."

एवढा राग मला जन्मात आला नव्हता. आणि त्या रागातही मला तो हवा होता, हे कुणाला सांगू?

"चला, आबांना सांगा," मी म्हणाले.

त्याने ओसरीवर उभं राहून सगळं सांगितलं, उद्याच पोलिसांत लिहून देतो असंही म्हणाला. आबा बराच वेळ त्याच्या पायाकडे बघत होते.

"नागू मांगे बठेल व्हता?"

"हो, आबा."

"सात महिना मी मना पोऱ्याले शिव्या दिन्यात," आबा म्हणाले. मग हलक्या आवाजात, "आते जाय तू."

मी फाटकापर्यंत गेले. आबांची नजर पाठीवर होती, तरी गेले.

"मला तुम्ही आवडता," मी सांगितलं. "पण आबांनी बोलावल्याशिवाय या घरी येऊ नका. मीही त्यांच्यामागे तगादा लावणार नाही."

त्याने मान हलवली आणि लंगडत स्टँडच्या रस्त्याला लागला.

मी आत आले तर आबा हातोडी शोधत होते. नागूचा फोटो त्यांनी तोवर भिंतीवर लावू दिला नव्हता. मी हातोडी काढून दिली, खिळा धरला, आणि फोटो सरळ लागल्यावर मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. नागूसाठी थोडं, धनसिंगसाठी जास्त. आणि त्याची मला लाजही वाटली.