पहिली ओळ सोडून

वीज गेली तसे वासुदेवमामा गच्चीवरच्या चटईवर सरसावून बसले.

"सिद्धी, तो मोबाइल उलटा ठेव. आणि शंतनु, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. हे माझ्या मावसभावाचं, दामोदरचं आहे. त्यानं मला देवासमोर बसून सांगितलंय.

अठ्ठ्याण्णव सालची त्रिपुरी पौर्णिमा. हेमलतावहिनींनी त्याला वाती आणायला बाजारात धाडलं होतं. यानं वाती घेतल्या आणि स्कूटर घराऐवजी राजाजीनगरला, ऑफिसकडे वळवली.

तिथे हे लोक बिनतारी नेटवर्कच्या कार्डाचा ड्रायव्हर लिहीत. म्हणजे कॉम्प्युटरला ते कार्ड चालवायला शिकवणारा प्रोग्राम. नियम कडक होता. बदल एकानं लिहायचा, दुसऱ्यानं तपासायचा. आपलं आपण पास करायचं नाही. तपासताना एकजण खुर्चीत बसे, दुसरा लॅपटॉप घेऊन फाटकापर्यंत चालत जाई नि परत येई. बसलेला पडद्यावर सिग्नलच्या पट्ट्या बघे. माणूस लांब गेला की कमी, जवळ आला की जास्त. पाच भरल्या की शेजारी.

लिहायचा अवधूत, पुण्याहून आलेला पोरगा. तपासायचा दामोदर. आणि दामोदर जळायचा. सरळ सांगतो, रात्रंदिवस जळायचा. आठ वर्षं डोकं फोडून याला जे जमलं नव्हतं, ते तो पोरगा चहा पिता पिता लिहून मोकळा व्हायचा. सिग्नल गेला तरी जोडणी तुटू नये म्हणून अवधूतनं एक बदल लिहिला. त्यात दामोदरला चूक सापडेना. मग उगाच परत पाठवायचा. इथे जागा जास्त सुटलीय, इथे टीप नाही. अवधूत हसायचा, तिथली कानडी मिसळून म्हणायचा, 'सरी अण्णा, स्वल्प थांबा, लगेच करतो.' ते हसणंच याला जास्त झोंबायचं.

दिवाळीच्या तोंडावर येलहंकाच्या रस्त्यावर अवधूतला लॉरीनं उडवलं. पोरगा जागीच गेला. लॅपटॉपचा चुरा झाला. बदल तसाच पडून राहिला, न तपासलेला.

त्रिपुरीच्या त्या रात्री दामोदरनं तो उघडला. पहिली ओळ होती, 'लिहिणारा: अवधूत.' ती पुसली. स्वतःचं नाव घातलं. अमेरिकेला कोण जाणार, ते याच कामावर ठरायचं होतं.

मग तो थबकला. लिहिणारा आपण, तर तपासणारा कोण? ती जागा आता रिकामी झाली होती. आणि हे काम समजणारा दुसरा माणूस उरलाच नव्हता.

पडद्यावर एक पट्टी उमटली.

शेजारी नाव... अवधूतच्या लॅपटॉपचं.

एक पट्टी म्हणजे फाटक.

दोन. जिना...

यानं कार्ड ओढून काढलं. कार्ड हातात. पट्ट्या तिथेच.

तीन...

चार. दार काही उघडलं नाही.

पाच.

..."

सिद्धी शंतनुला चिकटून बसली.

"मान वळवायची हिंमत नव्हती त्याची. डोळे मिटून बसला. शेजारी कुणीतरी पुटपुटत वाचत होतं. सावकाश... नीट... मग कीबोर्डची थोडी टकटक. मग तीही थांबली.

उजाडल्यावर वॉचमननं हाक मारली, तेव्हा यानं डोळे उघडले. शेजारची खुर्ची याच्याकडे वळलेली. तपासणाऱ्याच्या जागी अवधूतचं नाव. आणि खाली शेरा:

'अण्णा, पहिली ओळ सोडून बाकी सगळं बरोबर आहे.'"