देवानंदची परवानगी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी स्वतः त्या खोलीत होते, एवढंच सांगते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. जव्हारला एसटी डेपोच्या मागे माझी मावसबहीण अक्षदा राहते. भर दुपार होती, पण धुकं इतकं, की घरात दिवा लावावा लागला.

अक्षदाचे मिस्टर, देवानंद, चैत्रात हार्ट अटॅकने गेले. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांचे व्हिडिओ होते. त्यांच्या लेकीला, छोट्या निशाला, पप्पांचा आवाज ऐकायचा होता.

पण फोल्डर उघडेना.

‘परवानगी नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.’

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर देवानंदच. पासवर्ड त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता.

“मला कुठे हात लावू द्यायचे, ताई,” अक्षदा म्हणाली. “प्रत्येक गोष्ट विचारून करायची.”

मी मोखाड्यात कॉम्प्युटर क्लास घेते. असली कामं माझी रोजचीच. सेफ मोडमध्ये जाऊन अक्षदाच्या खात्याला सगळे अधिकार दिले. फोल्डरचा मालक म्हणून तिचं नाव टाकलं. रीस्टार्ट केलं.

मालक... देवानंद.

पुन्हा केलं.

पुन्हा देवानंद.

तेव्हा लक्षात आलं... डेपोतल्या गाड्यांचा आवाज येत नव्हता. डोक्यावर पंखा फिरत होता. त्याचाही नाही.

स्क्रीनवर देवानंदचा पासवर्ड मागणारी चौकट होती. तिच्यात एक ठिपका उमटला.

मग दुसरा...

एखादं बटण अडकलं असेल म्हणून मी कीबोर्डची वायर उपसली.

तिसरा ठिपका आला. सावकाश. देवानंद एका बोटाने टाइप करायचे, तसा.

आणि थांबला.

अक्षदा उठून उभी राहिली. मान खाली घालून.

“अहो... उघडू का? निशासाठी.”



मग उरलेले ठिपके भराभर आले. फोल्डर उघडलं.

पप्पांचा आवाज ऐकून निशा टाळ्या वाजवायला लागली. अक्षदा रडत होती. मी सुटी वायर हातात धरून बसले होते.

“हा कॉम्प्युटर काढून टाक,” मी निघताना म्हटलं. तिने ऐकलं नाही. आता बाजारात जायचं असलं तरी ती त्याच्यासमोर उभी राहून विचारते म्हणे.

दिवाळीला ती माहेरी, मोखाड्याला येणार होती. मी स्टँडवर थांबले. गाडी आली, त्यात ती नव्हती. फोन केला.

“नाही येत, ताई,” ती हळूच म्हणाली. “ते नको म्हणाले.”

‘म्हणाले’ म्हणजे कसे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मागून निशाचा आवाज आला. “पप्पा, मी तरी जाऊ?”

मग ती गप्प झाली... कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

“बरं,” ती म्हणाली.

तेव्हापासून जव्हारची गाडी समोर लागते, आणि माझा पाय उचलत नाही.